स्वानंदी म्हणाली

लतिकाची झोप उडवणारी काळजी मोजून साडेतीन शब्दांची होती. स्वानंदीला चौथं वर्ष लागून सहा महिने झाले होते आणि तिच्या जिभेवर होते 'नो', 'मोअर', 'बाय' आणि आईला हाक मारताना अर्ध्यावरच सोडून दिलेला एक 'आ'. कान उत्तम, समज उत्तम, हसणं तर असं की शेजारचं कुत्रंही शेपटी हलवायचं. पण बोलणं नाही. स्पीच थेरपिस्ट बाईंनी गोड आवाजात सांगितलं होतं, ऑक्टोबरपर्यंत वाट बघू. नाहीच बोलली तर घरात फक्त इंग्लिश ठेवा, दोन भाषांचा गोंधळ नको. त्या दिवसापासून लतिका पहाटेपर्यंत छताकडे बघत हिशेब मांडायची, की नक्की आपलंच काय चुकलं. नागपूरची वनस्पतीशास्त्राची एम.एस्सी., इथे अमेरिकेत, बॉथेलमधे नवऱ्याच्या व्हिसावर घरात बसलेली. रोपट्याला पाणी जास्त झालं की कमी, हे पानावरून ओळखणारी बाई, आणि स्वतःच्या पोरीपुढे मात्र पार नापास.

दोन हजार सहाच्या एप्रिलमधे तिला 'पान-पायवाट' सापडली. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी नुकतीच सुरू केलेली वेबसाइट. रोमन अक्षरं बडवली की पडद्यावर देवनागरी उमटायची, आणि त्या नवलाईनेच निम्मे लोक लिहीत सुटले होते. नियम एकच. रविवारी कुठेतरी चालायला जायचं, सोबत एक पुस्तक न्यायचं, वाटेच्या टोकाला पोचलं की त्यातलं एक पान मोठ्याने वाचायचं, ऐकायला कुणी नसलं तरी, आणि घरी येऊन त्या पानाबद्दल आणि त्या वाटेबद्दल लिहायचं.

नवरा, सिद्धेश, लेकीला घेऊन लायब्ररीत गेला होता, घर रिकामं होतं, तेव्हा तिने आपली ओळख लिहायला घेतली. पहिलं वाक्य उमटलं: 'माझी मुलगी अजून बोलत नाही. कुणाला सांगू?' ते तिने थोडा वेळ बघितलं, आणि एकेक अक्षर मागे घेत पुसून टाकलं. अनोळखी लोकांत पहिल्याच दिवशी रडगाणं कशाला? मग तिने लिहिलं, 'आमच्या घरी एक पोपटीण आहे, अखंड बडबड!' आणि पुढे बेधडक थाप मारली, की नदीवरच्या पुलावर उभी राहून आज स्वानंदी म्हणाली, 'आई, नदीला एवढी कुठे जायची घाई आहे?'

उत्तरांचा पाऊस पडला. सांता क्लाराचे चारुदत्तकाका, सत्तरीचे, गुडघे बदललेले आणि तरी सगळ्यांत जास्त चालणारे, त्यांनी लिहिलं, 'पोपटीण रोज हवी. पुस्तकांचं नंतर बघू.' बेलव्ह्यूच्या अहिल्याने लिहिलं, 'यार, माझा मुलगा फक्त पिझ्झा म्हणतो, तुझी तर कविता करते!' लतिकाला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर मजाही फार वाटली.

पुढच्या रविवारी ते तिघं खरोखरच त्या पुलावर होते. लतिका पान वाचून पुस्तक मिटत होती आणि स्वानंदीने कठड्याच्या गजांना गाल लावून, स्वच्छ, गोल, नागपुरी उन्हासारख्या खणखणीत आवाजात विचारलं, "आई, नदीला एवढी कुठे जायची घाई आहे?"

सिद्धेशने तिला खांद्यावर घेऊन पुलावरच फेर धरला. लतिका रडली, हसली, पुन्हा रडली. रात्री नागपूरला फोन गेला. आजीने तिकडे पेढे आणवले.

"तू टाइप करताना पुटपुटतेस ना," सिद्धेश म्हणाला. "तिने उचललं असणार. कॅसेट आहे ती कॅसेट!"

"मी कुठे पुटपुटते?"

"भाजीची यादी लिहितानाही पुटपुटतेस. कोथिंबीर मला पाठ आहे."

मग तो उन्हाळा असा काही आला की लतिकाला आनंदाचीच धास्ती वाटावी. दर आठवड्याला ती लिहायची, 'स्वानंदी म्हणाली', आणि रविवार उजाडला की स्वानंदी म्हणायची. ब्लॅकबेरीने जांभळे झालेले हात, डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, देवदारांखाली वाचलेली पानं. जुलैत अहिल्या सहकुटुंब भेटली तेव्हा स्वानंदी तिला म्हणाली, "मावशी, ढग थकला की डोंगरावर बसतो." अहिल्याने तिचा मुका घेतला. "अगदी तुझ्या पोस्टमधलीच आहे गं ही!" थेरपिस्टची ऑक्टोबरची अपॉइंटमेंट सिद्धेशने कॅन्सल केली.

ऑगस्टमधे लतिकाने गंमत म्हणून पोस्टमधे एक फाटका बूट रचला. स्वानंदी म्हणाली, 'बाबा, तुझा बूट हसतोय.' चारुदत्तकाकांना तो बूट भयंकर आवडला. रविवारी सिद्धेश नेमके कोरे करकरीत बूट घालून निघाला होता. वाटेच्या मध्यावर स्वानंदी थांबली, त्या धड, शिवण न उसवलेल्या बुटांकडे बोट केलं आणि म्हणाली, "बाबा, तुझा बूट हसतोय."

सिद्धेश खो खो हसला. लतिका हसता हसता थांबली.

त्यानंतर ती लक्ष ठेवू लागली. पाणी हवं का, विचारलं तर स्वानंदी नुसतं बोट दाखवायची. पडली, गुडघा खरचटला, तरी शब्द नाही. 'नो', 'मोअर', 'बाय'सुद्धा केव्हातरी गळून पडले होते, आनंदाच्या भरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. बोलायची ती फक्त लिहिलेलं, एकदाच, आणि शब्दन्‌शब्द तेच. लतिकाने दातांत पेन्सिल घट्ट धरून, ओठ न हलवता एक वाक्य टाइप केलं. रविवारी तेही आलं.

सप्टेंबर संपता संपता तिने लिहिणं थांबवलं. सिद्धेशला सांगितलं, बोटं दुखतात. घर गप्प झालं. एक रविवार गेला, दुसरा गेला. 'पोपटीण रुसली का?' चारुदत्तकाकांनी विचारलं. वेबसाइट उघडून दोन ओळी टाकल्या असत्या तर पोर पुन्हा बोलली असती, हे लतिकाला पुरतं ठाऊक होतं. ती हात मांडीखाली दाबून बसली.

तिसऱ्या रविवारी पुलावर गर्दी होती. सॅमन मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध परतत होते, पोरं टाळ्या पिटत होती, कुणा अनोळखी बाईने स्वानंदीच्या हातात लाल मेपलचं पान दिलं. सिद्धेश पुढे, वाटेच्या टोकाला, पुस्तकाचं पान वाचायला गेला होता. ऊन सुंदर पडलं होतं. लतिका लेकीसमोर गुडघ्यांवर बसली.

"सोनू," ती म्हणाली, "काहीही बोल. इंग्लिशमधे बोल, चुकीचं बोल. मी काही लिहिलेलं नाहीये. तुझं तू बोल."

स्वानंदीने तिच्याकडे पाहिलं. मग मेपलचं पान खाली ठेवलं, आई आपल्याला जवळ घेताना धरते तसा तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला, आणि अतिशय मायेने, हळूच, कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाली,

"माझी मुलगी अजून बोलत नाही. कुणाला सांगू?"