ज्या खांबावर पूल नाही

मी एक जुना खांब आहे, पण माझ्या डोक्यावर पूल नाही. माझ्या शेजारून एक लांबलचक पूल खाडी ओलांडून जातो. त्याचे खांब ओळीत ताठ उभे आहेत. मी तेवढा ओळीबाहेर, एका बाजूला कललेला. एकदा एका छोट्या मुलीनं पुलावरून विचारलं, "आजोबा, हा खांब असा का?" आजोबा म्हणाले, "चुकून बांधला असेल गं." मला फार लागलं ते. चालता आलं असतं, तर मी तेव्हाच निघून गेलो असतो. पण माझे पाय चिखलात खोल रुतले आहेत.

मित्रांनो, मी चुकून बांधलेला नाही. या खाडीत सगळ्यांत आधी मीच आलो. तळात लोखंडी नळा ठोकला, त्यात सळयांचा पिंजरा सोडला, वरून काँक्रीट ओतलं. पहिला म्हणून माझा काय तोरा होता! मग डोक्यावर काँक्रीटचे ठोकळे चढू लागले आणि कळलं, मला पूल पेलायचा नाही, नुसती परीक्षा द्यायची आहे.

पुलाचं गणित करणाऱ्या इंजिनिअरबाई आणि त्यांचे साहेब तराफ्यावर उभे होते. एका खांबावर पुलाचा जेवढा भार येणार, त्याच्या दुप्पट माझ्यावर चढला. मी हललो नाही.

"झालं, दुप्पट पुरे," साहेब खूश होऊन म्हणाले. "जमिनीवर आपण तेवढंच धरतो."

"जमिनीवर तडा गेला तर दिसतो, साहेब. इथं पाण्याखाली कोण बघणार? अजून चढवा."

"अहो, चांगला खांब बसेल की खाली!"

"बसू दे. कधी बसतो तेच तर बघायचंय."

सव्वादोन पटीला माझ्या पायाखालचा चिखल सुटला. मी धाडकन खाली गेलो आणि वाकडा झालो.

"म्हणजे दुपटीला चालतंय की! बाई, तुम्ही ताकसुद्धा फुंकून पिता."

"आज लोखंड कोरं आहे, पाणी शांत आहे. मीठ लोखंडाला किती खाईल, वाळू किती वाहून जाईल, मला माहीत नाही. जे माहीत नाही त्याच्यासाठी जागा ठेवू या. अडीच पट धरू."

साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. अडीच पट पेलावं म्हणून बाकीचे खांब माझ्यापेक्षा पुष्कळ खोल गेले. मला मात्र कुणी उपसून काढलं नाही.

तेव्हापासून मी इथं अडकलोय. भरतीचं पाणी गळ्याशी येतं, ओहोटीला चिखल पाय सोडत नाही. अंगभर शिंपले चिकटलेत, खाजवायला हात नाहीत. वरून शाळेची बस गेली की पाणी थरथरतं. कधी कधी वाटतं, एकदा तरी ती बस माझ्या डोक्यावरून जावी.

गेल्या वर्षीच्या वादळात तळाची वाळू वाहून गेली आणि मी आणखी कललो. शेजाऱ्यांच्या पायाचीही वाळू गेली होती. ते मात्र उभे राहिले.

परवा एक होडी येऊन मला बांधली गेली. होडीत नवे साहेब होते आणि त्याच बाई, आता केस पांढरे झालेल्या.

"पूल अडीच पटीनं बांधलाय," साहेब म्हणाले. "त्यातलं अर्ध्याहून जास्त शिल्लकच आहे. आणखी एक रस्ता सहज जोडता येईल."

"त्यातलं किती वादळानं खाल्लं, ते ठाऊक आहे तुम्हाला?"

"खांब तर ठणठणीत दिसतायत."

"दिसणारच. ह्याच्याकडे बघा," बाई माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या. "हासुद्धा सव्वादोनच्या आधी ठणठणीतच होता."

साहेब नुसतं "बघू" म्हणाले, आणि होडी निघून गेली. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला तोंड नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगतो. कुणी काही राखून ठेवलेलं दिसलं, तर ते उरलेलं आहे असं समजू नका. आणि मला पाहून कुणी "चुकून बांधला असेल" म्हणालं, तर माझी गोष्ट त्यांना सांगा. तुम्हाला पुलावरून जाता येतं. मला इथून हलता येत नाही.