रेवजीचं लुगडं

पडद्यावर स्त्रीला तिची हक्काची जागा मिळाली ती धडगावजवळच्या एका कोरड्या नाल्यात, सन एकोणीसशे चोवीसच्या उन्हाळ्यात. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ती जागा तिला कोणी दिली मात्र नव्हती. रेवजी मोहाच्या झाडावर चढून बसला, म्हणून ती रिकामी झाली होती.

रेवजी नंदुरबारचा. नाटकात बायकांची कामं करता करता तो मूकपटाच्या कंपनीत नायिका झाला, कारण घरंदाज बाई कॅमेऱ्यापुढे यायची नाही आणि दुसरी कंपनीला चालायची नाही. या चित्रात तो शूर भिल्लीण होता. तोंडाला काजळी, डोक्यात मोरपिसं, हातात काठी. काठीनं वाघाला हाणायचं होतं. वाघ सर्कशीतला, म्हातारा, पायात साखळी. नाव मोती. मोतीनं जांभई दिली आणि शूर भिल्लीण झाडावर गेली.

"माले ताप शे, साहेब!"

"खाली ये, रेवजी. ऊन जातंय," डायरेक्टर कात्रे ओरडले.

"ऊन जाऊ द्या! आठे मन्हा जीव जाई ऱ्हायना!"

कात्र्यांची नजर कंपनीला पाणी भरणाऱ्या फुलीबाईवर गेली. ती वरच्या पाड्यातली, जन्माची भिल्लीण. "पाठमोरी उभी कर हिला," ते जंगलखात्याच्या नाकेदाराला, दलसिंगला म्हणाले. "पण ही भिल्लिणीसारखी दिसत नाही. पिसं लाव."

दलसिंगनं तिला तिच्या बोलीत सांगितलं. ती मागे सरकली. रानात ज्याचं नावसुद्धा घेत नाहीत, ज्याच्या दगडाला शेंदूर लावून, कोंबडा देऊन, आमच्या घराकडे बघू नको बाबा म्हणून विनवतात, त्याला काठी मारायची? आणि तिचा नवरा जामसिंग त्याच वेळी शेळ्या घेऊन डोंगरात होता. एकटा.

"दुसऱ्या कोणालाही मारते," ती म्हणाली. "या साहेबाला मारू?"

"नाही म्हणालीस तर यंदा रानात मोह वेचू देणार नाही," दलसिंग म्हणाला. बोलताना त्यानंही मोतीकडे बघितलं नाही. तोही त्याच डोंगरातला.

फुलीबाईनं वर झाडाकडे बघितलं. मग तिनं रेवजीचं लुगडं मागितलं. ते झाडावरून खाली आलं. वर रेवजी लंगोटावर उरला. तिनं लुगडं नेसलं, पिसं खोवली, काजळीही स्वतःच फासली.

"बघा, बाईला कामाची समज आहे," कात्रे म्हणाले.

बाईनं दलसिंगकडची बाटली मागून घेतली, देवाला द्यायला. तिनं जमिनीवर मोहाच्या दारूची धार सोडली. मोती उठला. साखळी ताणली गेली. त्याच्या तोंडाचा वास तिच्या अंगावर आला. ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली, डोळे मिटले आणि काठी चालवली. गोधडीवरची धूळ झटकावी, तेवढीच ती लागली. मोती खाली बसला.

"काय बोलनी ती?" झाडावरून प्रश्न आला.

जवळच उभा असलेला दलसिंग खाली बघत म्हणाला, "म्हणाली, बाबा, हे लुगडं नीट बघून ठेव. मी फुली नाही. मी रेवजी. नंदुरबारचा. घर ठेसनाजवळ."

झाड हाललं. "वो बाई! मन्हं नाव काब्र लिधं तुनी? मन्ही माय घरमा एकली शे!"

"लुगडं तुझंच ना?" फुलीबाई म्हणाली आणि पाड्याकडे पळत सुटली. जामसिंग दिसेपर्यंत ती वाटेवरच उभी राहिली. तो आला. शेळ्याही आल्या. तरी त्या रात्री तिनं दार आतून बांधून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रेवजीनं कात्र्यांचे पाय धरले. चित्रात काहीही दाखवा, माझं नाव छापू नका. कात्र्यांना एकदम उदारपणा सुचला. "मग त्या बाईचं छापू. काम तिनं केलंय." फुलीबाईनं दलसिंगकडून निरोप धाडला: मी तिथं नव्हतेच.

पावसाळ्यानंतर चित्र नंदुरबारला तंबूत लागलं. जाहिरातीत एकच नाव होतं, मोतीचं.