सासऱ्यांच्या घड्याळाला पक्का लेप

सुनेला मागची खोली हवी होती. धातूच्या वस्तूंवर सिरॅमिकचा पातळ, टणक लेप चढवायचं काम ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात करायची, आणि सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, भाजी चिरू कुठे? तुझ्या डोक्यावर?"

पण मागच्या खोलीत सासऱ्यांची तीस वर्षांची वर्तमानपत्रं छताला टेकली होती.

"खोली देतो," सासरे म्हणाले. "आधी माझ्या घड्याळाला लेप लाव. मी त्यावर ओरखडा काढला, तर हे खूळ बंद. नाही निघाला, तर रद्दी मी स्वतः उचलीन. पण निघणारच! चाळीस वर्षं शाळेत मुलांचे पेपर तपासलेत मी. ओरखडे काढण्यात माझा हात धरणारा नाही कोणी."

सून कामाला लागली. घड्याळाचं यंत्र आणि काच काढून तिने वाटीत झाकून ठेवली. केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, बारीक वाळूचा फवारा मारला, कारण गुळगुळीत धातूवर लेप धरत नाही. धातू जरा खरखरीत झाला की लेप घट्ट चिकटतो. मग केस धुतली आणि हातमोजे घातले. बोटाचं तेल लागलं तरी लेप रुसतो.

राहिलं मागचं झाकण. ते आट्यांवर फिरवून बसायचं. खरं तर झाकण वेगळं काढून आटे चिकटपट्टीने झाकायचे असतात. पण सुनेला घाई होती. 'झाकण गच्च लावलं की आट्यांवर लेप जाईलच कसा?' असं म्हणून तिने ते लावूनच वरून लेप फवारला, आणि फटही बुजेल इतका जाड फवारला. मग छोट्या भट्टीत दोन तास भाजलं.

काळीभोर केस बाहेर आली. सासऱ्यांनी किल्ली घासली, नाणं घासलं, विटेचा तुकडा घासला. ओरखडा नाही.

"अहो, किल्ली झिजली," सासूबाई म्हणाल्या. "आता घरात शिरायचं खिडकीतून का?"

"यंत्र बसवून दे, मग बघू," सासरे गुरगुरले.

यंत्र मागूनच आत जायचं, आणि झाकण काही फिरेना. फटीवरचा लेप भाजून दगड झाला होता. सुनेचा चेहरा पडला.

"नापास!" सासरे आनंदाने ओरडले.

"बाबा, पैज ओरखड्याची होती."

"दे इकडे! फटीतला लेप फोडून दाखवतो. फुटला की मी जिंकलो."

त्यांनी रबराने धरून पिळलं. शिकंज्यात अडकवून पिळलं. सासूबाईंनी त्यांची कंबर धरली, सुनेने सासूबाईंची, आणि तिघांनी मिळून ओढलं. हात सटकला. तिघं धाडकन आपटली, सून बाजूला कलंडली. सासरे थेट सासूबाईंच्या अंगावर.

"हा लेप," सासरे धापा टाकत ओरडले, "हत्तीने ओढला तरी फुटायचा नाही!"



"ऐकलंस ना गं?" खालून सासूबाईंचा आवाज आला. "निकाल लागला. आता आधी हा परीक्षक माझ्या अंगावरून उचल, मग तो रद्दी उचलेल."

सासरे उठले, गुडघे झटकले आणि निमूटपणे मागच्या खोलीकडे निघाले. दारात थांबून म्हणाले, "सूनबाई, तिथे टेबल मांडलंस की पहिलं काम माझं. केस उघडून दे. आणि पुढच्या वेळी आटे झाकत जा, घाईत गाळलेला प्रश्न मी कधीच सोडत नाही."

"हो बाबा," सून म्हणाली, आणि गठ्ठ्याचं दुसरं टोक धरायला धावली.