पंचमीची कर

२०२४ सालच्या नागपंचमीची कर होती, सणाचा दुसरा दिवस, आणि लाह्यांच्या डब्याचं झाकण बसत नव्हतं. एका बाजूनं दाबलं की दुसरी बाजू उचलली जायची. रंगूबाईनं ते फिरवलं, पुन्हा दाबलं, मग खिडकीच्या उजेडात धरलं. कडेला पोचा पडला होता, अंगठा बसेल एवढा. काल लाह्या भरून तिनंच हे झाकण लावलं होतं, तेव्हा ते गोल होतं. हातातून पडून असा पोचा येत नाही. भिरकावल्यावर येतो. आणि झाकण कोणी नुसतं हवेत भिरकावत नाही...

अपेक्षा गॅसपाशी पाठमोरी उभी होती. श्रावणातल्या त्या दमट सकाळी तिनं मनगटापर्यंत बाह्या असलेला ड्रेस घातला होता आणि डाव्या हातानं चहा गाळत होती. मिरजेची मुलगी, दिग्विजयची बायको, रंगूबाईची नातसून. झाकणाला काय झालं, असं रंगूबाईनं विचारलं.

"पडलं," अपेक्षा म्हणाली. वळली नाही.

पडलं. मीही असंच म्हणायचे — पडले. विहिरीच्या पायरीवर पडले, गोठ्यात पाय घसरला, खुंट्याला धडकले. घरातली सगळी माणसं मान हलवायची, जणू माझ्या नवऱ्याच्या, सयाजीच्या घरात जमीनच उतरती होती. आणि आज सोप्यात उदयसिंह पेपर वाचत बसलेला. माझा मुलगा, फौजेतून सुभेदार होऊन आलेला. रात्री माडीवरचा आवाज त्यालाही ऐकू गेलाच असणार. सीमेवरचा कानोसा घेणारा माणूस, डोक्यावरच्या खोलीतलं ऐकू येत नाही म्हणतो.

बाहेर कर्णा खरखरला. 'हॅलो, हॅलो' झालं, मग सुनेचा गोड आवाज आला. पंचमीच्या करीनिमित्त महिला भगिनींसाठी खेळ, उखाणे आणि पहिलं बक्षीस मिक्सर. सुनेनं, संयोगितानं, ओढ्याकाठी मांडव घातला होता. ओढ्याकाठी! जिथं बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहायच्या तिथं आता फरशी होती, फरशीवर लाल खुर्च्या होत्या, आणि पाठीमागे कापडी फलक — 'जपू या आपली परंपरा'. मारलंत तुम्ही करीला. स्वतःच्या हातानं मारलंत आणि आता तिच्या नावानं मिक्सर वाटता.

कारण कर म्हणजे उखाणे नव्हते. कर म्हणजे शिव्या. ओढ्याच्या अलीकडे मराठ्यांची वाडी, सातारा जिल्हा. पलीकडे धनगरांची वस्ती, सांगली जिल्हा. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवर बायका उभ्या राहायच्या आणि दिवस कलेपर्यंत एकमेकींना शिव्या द्यायच्या. पुरुषांनी लांब बाभळीखाली थांबायचं, मध्ये पडायचं नाही. आपल्या घरातलं आपण बोलायचं नाही. ते समोरच्या काठानं ओरडायचं. आणि ओढ्यात जे बोललं गेलं ते घरी न्यायचं नाही. म्हणून तर आठ दिवस आधी कोणीतरी ताक मागायच्या निमित्तानं पलीकडं जाऊन यायची, कुणाच्या घरात काय चाललंय ते हळूच पोचवून यायची... सासवासुद्धा पोचवायच्या, स्वतःच्या लेकाचं. तोंडानं बोलवत नव्हतं, पण ओढ्यापलीकडून कोणी बोललं तर हवं असायचं.

लग्नानंतरची दुसरी पंचमी. रंगूबाई काठावर पदर डोक्यावरून ओढून उभी, आणि समोर बनाबाई, तिच्याच वयाची, कमरेला कासोटा, हात वर. एरवी ही बनाबाई मेंढरं घेऊन बांधावरून जाताना 'आवं वैनी' म्हणून बाजूला व्हायची. त्या दिवशी मात्र तिनं सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडायला घेतलं —

"ए रंगे, ए टवळे, पाठ दाव की गं! तुज्या सयाजीनं बैलाला मारलं नसंल तेवढं तुला मारलंय. बैल तरी शिंग हलवतो, तू काय हलवतीस?"

दोन्ही काठ फुटले हसून. बाभळीखाली सयाजीची मान खाली गेली. आणि मी? मी चिखलाचा गोळा उचलून तिच्या तोंडावर मारला. तिच्या सात पिढ्या काढल्या. वर्षभर तिचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. पण औंधच्या बाजारात लोक सयाजीला विचारू लागले, बैल कसा आहे? त्यानंतर त्यानं हात उचललाच नाही असं रंगूबाई म्हणणार नाही. उचलायचा, पण उचलताना आधी दाराकडे बघायचा. ते बघणंही पुष्कळ होतं.

आणि हे कोणी बंद केलं? दिग्विजयनं. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती, आणि कोणीतरी करीचा व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला. मिरजेच्या पाहुण्यांनी बघितला. आजी, लाज वाटते, तो म्हणाला. शोभत नाही आपल्याला. ग्रामसभेत ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले, बायकांनीसुद्धा. त्याला लाज वाटली! शिव्यांची लाज वाटली त्याला, आणि आता बायको पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालते त्याचं काही नाही.

रंगूबाईनं वाटीभर लाह्या फडक्यात बांधल्या आणि ती पूल ओलांडून पलीकडं गेली. पोचवायलाच गेली, जुन्या रीतीनं.

बनाबाई छपरापुढं बसून एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. आता दोघींच्याही तोंडात दात नव्हते. रंगूबाईनं लाह्या पुढं ठेवल्या आणि सांगितलं सगळं, झाकणापासून बाह्यांपर्यंत. मग म्हणाली, आज मांडवात सगळी वाडी जमेल. तू या काठावरून ओरड. माझं नाव घेऊन ओरड, नातवाचं काढ, मला काय वाट्टेल ते म्हण.

बनाबाई कोकराकडेच बघत राहिली. "तवाची शिवी पान्यात जायची, वैनी. आता मोबाईलात ऱ्हाती. आन् माजा नातू बिरदेव तुमच्याच ट्रॅक्टरवर कामाला हाय."

रंगूबाई चिडली. करीचं करीला राहतं, घरी कोणी नेत नाही, हे काय आज सांगायला हवं?

"कुनी सांगितलं तुमाला?" बनाबाई हसली, आणि त्या हसण्यात काहीच गोड नव्हतं. "मी तुमच्या पाठीचं बोलले न्हवं, त्या सालाला सयाजीदादांनी आमची मेंढरं तुमच्या रानात बसू दिली न्हाईत. त्यांचं बगून बाकीच्यांनीबी. खताला मेंढरं बसवायची, त्याच्याच दान्यावर आमी जगायचो. पोरंबाळं घिऊन आमी पार मिरजंच्या खाली गेलो. थोरली पोरगी तिकडंच तापानं गेली. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं... इतक्या पंचम्या तिनं ही गोष्ट सुना-नातवंडांना सांगितली होती, आणि त्या गोष्टीत बनाबाई नेहमी ओढ्याकाठीच उभी असायची, हात वर केलेली, जणू ओरडून झाल्यावर तिला घर नव्हतंच. रंगूबाईला सयाजीचा राग आला. तो मरून गेलेला. बनाबाईचा आला, ती बरोबर होती. मग राग तसाच उभा राहिला, बसायला जागा न मिळालेल्या माणसासारखा.

"आमीच का म्हनून वरडायचं?" बनाबाई म्हणाली. "तोंड तुमालाबी हाय की. का भाड्यानं दिलंय?"

रंगूबाई मांडवात पोचली तेव्हा उखाणे संपत आले होते. अपेक्षा पहिल्या रांगेत बसली होती, हात मांडीवर, उजवा हात डाव्याखाली. संयोगितानं सासूला बघितलं आणि माइकवरूनच म्हणाली की आता आमच्या आत्याबाई जुन्या करीच्या दोन आठवणी सांगतील, म्हणजे नव्या पिढीला कळेल. टाळ्या झाल्या. माइक हातात आला. थंड, जड.

रंगूबाईनं शिवी शोधली. सगळ्या आठवत होत्या. भवानी, टवळी, मुडदा बसवला, एकेक अशी की ऐकणारा हलून जावा. एकही जिभेवर येईना. त्या समोरच्या काठासाठी होत्या, आणि समोरचा काठ रिकामा होता. पुढं फक्त आपलीच माणसं.

"माझा दिग्विजय बायकोला मारतो," ती म्हणाली. "काल रात्री मारलं. आमी खाली ऐकत होतो."

बायका हसल्या. मोकळ्या, खळखळून हसल्या. एकीनं तर शिट्टी मारली. जुनी कर करून दाखवतायत, कोणीतरी म्हणालं. एका मुलीनं मोबाईल वर धरला. रंगूबाईनं तेच पुन्हा सांगितलं, तशाच आवाजात, आणि हसू एका कोपऱ्यापासून विझत आलं... संयोगितानं माइक काढून घेतला आणि मिक्सरचा नंबर पुकारला.

घराच्या पायरीवर अपेक्षानं तिला गाठलं.

"आजी, मला विचारायचं तरी होतंत."

रंगूबाईला चिखलाचा गोळा हवा होता तिच्या हातात द्यायला. मार म्हणावं. पण पायऱ्यांना फरशी होती.

पुढं असं झालं. अपेक्षा चार दिवसांत मिरजेला गेली आणि दिवाळीला परत आली. कोणी आणली, की स्वतः आली, हे तिनं सांगितलं नाही. आता ती अर्ध्या बाह्या घालते. ते चांगलं लक्षण आहे की थंडीनंतर नुसता उन्हाळा आला म्हणून, रंगूबाईला कळत नाही. दिग्विजय आजीशी बोलत नाही. बिरदेवला त्यानं ट्रॅक्टरवरून काढलं, कारण न सांगता. बनाबाई मार्गशीर्षात वारली तेव्हा बिरदेव कऱ्हाडला कामावर होता. उदयसिंह पेपर घेऊन आता अंगणात बसतो. संयोगितानं पुढच्या पंचमीचं बक्षीस आत्ताच ठरवलं आहे.

रंगूबाई करीची गोष्ट कोणाला सांगत नाही. कोणी विचारलंच तर म्हणते, काही नव्हतं, बायका शिव्या द्यायच्या. सकाळी दिग्विजय गाडी काढतो तेव्हा ती दारात खुर्ची टाकून बसलेली असते आणि त्याच्याकडे बघते. तो आधी तिच्याकडे बघतो, मग गाडी सुरू करतो. तिच्या तोंडात काहीतरी तयार असतं, रोज नवं. ते शिवी आहे की साधं वाक्य हे तिला बोलल्याशिवाय कळणार नाही. पंचमी अजून लांब आहे. बोलायला तिला आता पंचमी लागत नाही.