ज्याचं नातं, त्याची पाठ

या गावच्या शाळा समितीवर निवडून आलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा की, बैठकीत खुर्ची हलकी बघून घ्या. ती फिरवावी लागते.

नियम साधा आहे. ज्या विषयात आपलं नातं गुंतलं असेल, त्या विषयापुरतं सभासदानं खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचं. बोलायचं नाही, हात वर करायचा नाही आणि खोकायचंही बेतानं. ही खोकण्याची अट मागाहून घातली, कारण गिरणीवाला पाठ करून बसला तरी खोकून मत देतो, अशी सगळ्यांची पक्की खात्री झाली होती. गिरणीवाल्याचं म्हणणं, पिठानं घसा खवखवतो. पण पिठानं घसा नेमका मेव्हण्याच्या बिलाच्या वेळीच कसा खवखवतो, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

हा नियम काढला बेकरीवाल्यानं. पूर्वी शिपायाच्या नेमणुकीवरून दोन घरांत अशी जुंपली होती, की पुढं एका घरची मुलं दुसऱ्या घरच्या मुलांच्या बाकावर बसेनात. तेव्हा बेकरीवाला म्हणाला होता, “नातेवाइकांना बाहेर कशाला काढता? बसू द्या, ऐकू द्या. फक्त त्यांची तोंडं दिसायला नकोत. तोंड दिसलं की आपली जीभ अडखळते.” सगळ्यांना हे पटलं. आणि पटल्यावर ध्यानात आलं, की गाव एवढंसं, गोतावळा हा मोठा; कुठलाही विषय काढा, निम्म्या पाठी भिंतीकडे. समोर तोंड करून उरतो तो बेकरीवाला, एकटा.

कारण तो कुणाचाच कुणी नव्हता. मिसरूड फुटायच्या वयात जुन्या बेकरीवाल्याकडे कामाला आला, म्हातारा गेला तसा भट्टीचा मालक झाला आणि लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. असा सडाफटिंग माणूस समितीला सोन्यासारखा. गावानं त्याचं नावच ठेवलं तटस्थराव. तोही ते नाव मिरवायचा. माणसं त्याला तोंडापेक्षा पाठीवरूनच जास्त ओळखू यायची. गिरणीवाल्याच्या पाठीवर पिठाचा पंजा असायचा, नर्सबाईंची पाठ ताठ, औषधदुकानदाराची पाठ बसल्या जागी डुलकी घ्यायची. या पाठींना उद्देशून तटस्थरावांनी पाण्याच्या टाकीचा निर्णय दिला, सहलीचा दिला, छपराच्या ठेकेदाराचा दिला. एकदाही कुणी ब्र काढला नाही.

या खेपेचा विषय मात्र जड होता. मुलांची पटसंख्या घटली म्हणून वरच्या कार्यालयानं अनुदान कमी केलं होतं. शाळेत दोन जादा शिक्षक होते, आता एकालाच ठेवता येणार होतं. एक खेळाचे सर, दुसऱ्या वाचनाच्या बाई. कुणाला ठेवायचं ते समितीनं ठरवायचं, आणि समितीला ठरवता आलं नाही तर कार्यालयाचा नियम लागू होणार: जो नंतर आला तो जाणार. नंतर आल्या होत्या बाई.

कार्यालयानं जाणाऱ्यासाठी जागाही बघून ठेवली होती, पण ती बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवरच्या शाळेत.

बैठक सोमवारी होती, आणि त्या दिवशी पहाटे कणीक तिंबताना तटस्थरावांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एरवी असल्या विषयात ते दोन बाजू पारड्यात टाकायचे, काटा बघायचे आणि मोकळे व्हायचे. खेळाच्या सरांमुळं शाळा बुडवून तळ्यावर उनाडणारी पोरं मैदानावर आली होती, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. बाईंमुळं पाचवीतली मागं पडलेली मुलं दुकानाची पाटी अडखळत का होईना वाचायला लागली होती, हेही बघितलं होतं. दोन्ही पारडी सारखी. पण त्यांना काटा दिसतच नव्हता, कारण मध्ये भिंगरी उभी होती.

भिंगरी म्हणजे बाईंची मुलगी. दुसरीत होती. बाई मायलेकी दोघीच होत्या, इथं त्यांचं ओळखीचं कुत्रंही नव्हतं. शाळा सुटल्यावर बाई कच्च्या मुलांचा जादा तास घ्यायच्या, तेवढा वेळ पोरीला कुठं ठेवायचं? तर बेकरीत. दुपारी भट्टी निवलेली असते, गिऱ्हाईक तुरळक असतं. पोर मैद्याच्या पोत्यावर चढून बसायची, मळायच्या टेबलावर पीठ पसरून त्यात बोटानं गणितं करायची आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. कोणाचा दात पडला, कोण रडलं, हेडमास्तरांच्या चपलेचा अंगठा कसा तुटला. तटस्थराव ट्रे पुसत “हं, हं” करायचे. आधी त्यांना तो कटकटीचा सौदा वाटला होता. मग ते घड्याळाकडे बघायला लागले. मग तर शाळेची घंटा व्हायच्या आधीच टेबल पुसून, त्यावर पीठ भुरभुरून तयार ठेवायला लागले.

एकदा बाहेरगावचा एक बिस्किटांचा विक्रेता आला. त्यानं सहज विचारलं, “ही कोण?” तटस्थराव उत्तर जुळवत होते, तोवर पोरगीच म्हणाली, “मी ह्यांची नात. आजोबा, ते तुटलेलं बिस्कीट मी घेऊ?” जणू हे कधीचंच ठरलेलं होतं. तटस्थराव “घे” म्हणाले आणि आत जाऊन उगाचच भट्टीचं दार उघडून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी पावात मीठ घालायचं विसरले. सगळ्या गावानं अळणी पाव खाल्ला आणि त्यांच्या तोंडाकडे बघून कुणी काही बोललं नाही.

ही पोर गेली तर आपली दुपार कशी जाणार, हा विचार आला की ते पुसलेलं टेबल पुन्हा पुसायचे. आता अशा माणसानं निवाडा करायचा! बाईंना ठेवा म्हटलं, तर ते मुलांसाठी म्हटलं की टेबलावरच्या पिठासाठी? त्यांचं त्यांनाच सांगता येईना. कणकेला बुक्क्यांवर बुक्क्या बसत राहिल्या. त्या दिवशीचे पाव फार हलके झाले होते, असं लोक म्हणतात.

बैठक भरली. पहिलीचा वर्ग, भिंतीवर मुलांनी रंगवलेली फळं, मधोमध मोठं टेबल. शिरस्त्याप्रमाणं दोन्ही शिक्षक बाहेर व्हरांड्यात एकाच बाकावर बसले होते, आणि खिडकी उघडी होती. सर बाईंना पाण्याची बाटली देत होते. दोघांचं भांडण नव्हतंच, घोडं अडलं होतं ते एका जागेवर. भिंगरी मैदानात एकटीच लंगडी घालत होती.

हेडमास्तर नोंदीपुरते बसायचे, त्यांना मत नव्हतं. विषय वाचून ते चष्मा काढत म्हणाले, “नातं असलेल्यांनी कृपया...”

अध्यक्षबाई दूध डेअरी चालवायच्या. भल्याभल्यांच्या दुधातलं पाणी काढलेली बाई. त्यांनी आधी खुर्ची उचलली. “खेळाचे सर माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा. मी आत्या.” त्या भिंतीकडे वळल्या.

“मी सासरा,” गिरणीवाला म्हणाला आणि वळताना घसा साफ करून घेतला. आता पुन्हा संधी नव्हती.

“त्याची आई माझी मावसबहीण,” नर्सबाई म्हणाल्या.

औषधदुकानदार जरा घुटमळला. “सरांच्या थोरल्या भावाचा मी मेव्हणा. म्हणजे नातं तसं लांबचं आहे, पण जेवायला बोलावतात.”

“जेवायला बोलावतात म्हणजे जवळचंच,” अध्यक्षबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. “वळा.”

चार खुर्च्यांचे पाय फरशीवर करकरले आणि चार पाठी तटस्थरावांसमोर आल्या. सगळ्या सरांच्या. बाईंच्या बाजूनं फिरलेली खुर्ची एकही नव्हती. इतकी वर्षं या पाठी बघितल्या, पण ज्याच्यासाठी एकही पाठ फिरत नाही ते माणूस किती एकटं असतं, हे तटस्थरावांना आजवर सुचलं नव्हतं. खरं तर त्यांना ते सुचायला हवं होतं. त्यांच्यासाठी तरी कधी कोण वळलं होतं?

“तटस्थराव,” हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही म्हणाल ते.”

आता एक शब्द पुरे होता. ‘बाई’ म्हटलं की झालं. कुणी ब्र काढला नसता. उलट गाव म्हणालं असतं, बघा, एवढ्या सगळ्या नातेवाइकांसमोर माणसानं परकीला न्याय दिला. शब्द अगदी ओठांवर आला. आणि मैदानातून हाक आली, “आजोबा, बघा, एका पायावर!”

तटस्थराव उठले. त्यांनी खुर्ची उचलली. ती हलकी होती, पण त्यांना दोन्ही हात लावावे लागले. ती खिडकीकडे वळवून ते पाठमोरे बसले.

पाठमोऱ्यांना काही दिसलं नाही, पण खुर्चीचा आवाज सगळ्यांनी ओळखला. “हे कोण फिरलं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“तटस्थराव,” हेडमास्तर म्हणाले.

अध्यक्षबाई नियम मोडून गर्रकन वळल्या. “अहो, भलतंच काय! तुम्हाला कोण आहे इथं? कुणाशी नातं तुमचं?”

“बाईंची मुलगी,” तटस्थराव खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “माझी नात आहे.”

“कागदोपत्री?”

“नाही.”

“मग ते काही खरं नाही. सरळ बसा आणि सांगा.” अध्यक्षबाईंचा आवाज खाली आला. “अहो, मी त्या पोराची आत्या असून सांगते, असं करू नका. तुम्ही वळलात तर कार्यालयाचा नियम लागतो. ती बिचारी जाते.”

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय? मी आता बोललो असतो ते मुलांच्या वाचनासाठी नव्हे, माझ्या नातीसाठी बोललो असतो. ज्याचं नातं, त्याची पाठ. मीच काढलाय हा नियम. दुसऱ्यांना इतकी वर्षं भिंतीकडे बसवलं आणि माझी वेळ आली की माझं नातं कागदावर नाही म्हणू? पोरीनं मला आजोबा म्हटलंय. ते मी नाकारणार नाही. शेंडी तुटो की पारंबी.”

गिरणीवाला खोकला नाही. हेडमास्तर बराच वेळ चष्मा पुसत होते. मग त्यांनी हळू आवाजात नोंद केली, की समितीला निर्णय करता आला नाही, आणि बैठक संपली. जाताना नर्सबाईंनी तटस्थरावांच्या खांद्यावर हात ठेवला, औषधदुकानदार नुसता उभा राहिला आणि गेला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “तुम्ही मूर्ख आहात,” आणि पदरानं डोळे टिपत बाहेर पडल्या.

तटस्थराव शेवटी व्हरांड्यात आले. खेळाचे सर मान खाली घालून निघून गेले होते. बाई बाकावर होत्या. खिडकी उघडी होती म्हणजे सगळं ऐकलं होतं, हे उघडच होतं.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुमच्या हातात होतं.”

“हो.”

“एक शब्द. परका माणूस असता तर बोलला असता. आणि तुम्ही...” त्या चिडल्या, आणि ते बरंच झालं. “हातातली नोकरी घालवलीत माझी! भाड्याची खोली सोडायची, पोरीची शाळा बदलायची, पुन्हा अनोळखी गावात पहिल्यापासून सुरुवात. कशासाठी? तुमच्या त्या नियमासाठी?”

तटस्थराव उभेच राहिले. रागावण्याचा हक्क बाईंना पुरेपूर होता. तो हक्क हिरावून घेणारं काही बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. “नियमासाठी नाही,” ते एवढंच म्हणाले. “मला खोटं बोलता आलं नाही. भिंगरी माझी कुणी नाही, असं मला बसून दाखवता आलं नाही.”

मैदानात भिंगरीचा पाय टेकला, तिनं इकडंतिकडं बघितलं आणि कुणी बघितलं नाही असं ठरवून पुन्हा लंगडी सुरू केली. दोघांनीही ते बघितलं होतं.

“पुस्तकांचीच सात-आठ खोकी होतील,” बाई म्हणाल्या. राग अजून आवाजात होता. “मला एकटीला बांधून होणार नाहीत.”

“मी येतो. उद्या दुपारी दुकान बंद ठेवतो.”

“आणि त्या गावात खोली बघायला जायचंय. एकट्या बाईला घरमालक दारातूनच परत पाठवतात.”

“बरोबर येतो. रविवारी जाऊ.”

“आलात तर विचारतील ना, हे कोण म्हणून?”

तटस्थरावांनी बाहीवरचं पीठ झटकलं. इतक्या निवाड्यांत त्यांना शब्द कधी कमी पडला नव्हता. “मग... काय सांगशील?”

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली, पोरीला हाक मारली आणि पायरी उतरता उतरता म्हणाल्या, “वडील आहेत माझे, असं सांगेन. दुसरं काय सांगणार, बाबा?”