बोलणारी ट्यूब

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका," असं म्हणून म्हातारबांनी चहाचा कप डाव्या हातात घेतला. उजवा हात आजारपणानंतर मांडीवर पाहुण्यासारखा नुसता बसून असे. शेजारचा सुतार आणि त्याची बायको खुर्च्या ओढून पुढे सरकली. म्हातारबांच्या थापांना वजन नसे, पण चव असे.

तर गोष्ट सूनबाईच्या सायकलची. सूनबाई नर्स, घरोघर जाऊन जखमा बांधायची. सायकल अडली की कुणाचं तरी ड्रेसिंग अडायचं. आजवर ती सायकल म्हातारबाच सांभाळत. या घराला आपला उपयोग तेवढाच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हात गेला तशी त्यांनी सुनेला सगळी विद्या दिली. चेन पुसून तेल कसं द्यायचं, ब्रेक किती आवळायचे, रिंग न ओरबाडता टायर कसं उतरवायचं. हातचं काही राखलं नाही. पण ती तरबेज होत गेली, तसं त्यांना वाटू लागलं, आता आपण नुसते खुर्चीला भार.

यातलं अवाक्षर त्यांनी सुताराला सांगितलं नाही. सांगितलं ते असं, की आज सकाळी मागच्या चाकातली हवा गेलेली, नळ कोरडा, ट्यूब बुडवायला पाणी नाही. सूनबाईने ट्यूब फुगवली आणि तिच्याकडे असं काही रोखून पाहिलं, की ट्यूब चळाचळा कापायला लागली. म्हणाली, बाई, मारू नका, भोक जोडाच्या बाजूलाच आहे. सोल्युशन उघडायच्या आत ठिगळ आपल्या पायांनी चालत येऊन बसलं.

"आणि तुम्ही काय करत होता?" सुताराच्या बायकोने विचारलं.

"मी? मी आपला पेपर वाचत होतो."

सुताराला हसता हसता ठसका लागला. जन्मभर स्वतःच्याच पराक्रमाच्या थापा ठोकणारा हा माणूस आज दुसऱ्याला मोठं करत होता.

दाराशी सायकल टेकवून सूनबाई मघापासून ऐकत उभी होती.

"खोटं," ती म्हणाली. "साबणानं निबर झालेल्या माझ्या बोटांना हवा कुठून सुटतेय ते कळेना. मी चालत निघाले होते. तुम्ही ट्यूब गालाला लावलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, इथे. तुमच्या गालामुळे आज एका आजींची जखम वेळेवर धुतली गेली, बाबा. आणि पेपर तर आज आलाच नाही."