गच्चीवरचा वर्ग

गोदूने हातातला घास ताटात ठेवला आणि करंगळी वर केली.

"काय गं?" विनिताने विचारलं.

"शूला जाऊ?"

विनिताला हसू आलं. पाच वर्षांची पोर स्वतःच्या घरात मोरीवर जायची परवानगी मागत होती. पण गोदूचं आईकडे लक्षच नव्हतं. समोर बसून वरण-भात कालवणाऱ्या मोठ्या बहिणीकडे ती बघत होती. करिष्माने मान हलवली, तेव्हा कुठे ती पळाली.

गोदूने शाळा अशी पाहिलीच नव्हती. करिष्मा दुसरीपर्यंत अंबरनाथला जात होती, पण शेवटी शेवटी गणवेश नुसता पलंगावर काढून ठेवला तरी तिला उलटी व्हायची. महेश आणि विनिताने तिला काढलं ते कायमचं. पुढे खरवईच्या नव्या इमारतीत राहायला आल्यावर त्यांनी घरात एकच गोष्ट ठरवून टाकली: मुलींनी काय शिकायचं ते मुली ठरवतील, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही. त्याचं चीजही झालं होतं. दहा वर्षांची करिष्मा घड्याळ खोलून पुन्हा जोडायची, नकाशे काढायची. बिल्डिंगमधली शाळेत जाणारी पोरंही दुपारी घरी आली की तिच्या मागे गच्चीवर धावायची.

"करंगळी दाखवायचं कमलेशकडून उचललं असेल," महेश म्हणाला. कमलेश खालच्या मजल्यावरचा, तिसरीतला. "खेळतात गं पोरं. तू कशाला टेन्शन घेतेस?"

मग एकदा अंघोळ घालताना गोदूच्या तळहातावर वळ दिसले.

"हे काय झालं?"

"पडले."

"कुठे?"

गोदूने मूठ मिटली आणि डोळे साबणाने चुरचुरत असल्यासारखे घट्ट बंद केले.

त्या दुपारी विनिता लॅपटॉप उघडून बसली होती. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर रोज पोरांची धावाधाव चाले. आज काहीच नव्हतं. खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज नाही. ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली आणि मग अनवाणीच जिना चढली.

गच्चीचं दार अर्धवट उघडं होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोरं रांगा करून, ओठांवर बोट ठेवून बसली होती. करिष्मा हातात प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा घेऊन त्यांच्यामधून फिरत होती. आणि गोदू कठड्यावर उभी होती. दोन्ही हात वर. पाठीमागे नुसती हवा, आणि खाली बिल्डिंगचं सिमेंटचं आवार.

विनिताच्या घशापर्यंत हाक आली. तिने ती गिळली. दचकून पोरीचा पाय मागे गेला असता तर? तिने चौकट धरली आणि आपला आवाज होईल तितका साधा केला.

"मे आय कम इन, टीचर?"

सगळी डोकी वळली. गोदूने मात्र मान हलवली नाही.

करिष्मा चकित झाली नाही, ओशाळलीही नाही. तिने आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"लेट का झाला?"

"काम होतं, टीचर."

"मागे बस."

विनिता मागच्या रांगेत मांडी घालून बसली. शेजारी कमलेश होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"टीचर, गोदूला खाली उतरू दे ना," विनिता म्हणाली.

"तिने आन्सर चुकवला. पनिशमेंट संपल्याशिवाय नाही." करिष्माचा आवाज शांत होता, समजावणीचा. "आता पुढचा पाढा."

ती खडू घेऊन टाकीकडे वळली. विनिता रांगांमधून धावली, गोदूला कमरेला धरून तिने खाली ओढलं आणि दोघी तापलेल्या लादीवर आपटल्या. गोदू तिच्या मिठीत वेड्यासारखी धडपडू लागली.

"सोड! सोड ना, टीचर ओरडेल!"

संध्याकाळी विनिताने वॉचमनकडून कुलूप आणून गच्चीला घातलं. करिष्मा जिन्यात उभी राहून बघत होती.

महेश कामावरून आला, तेव्हा विनिताने त्याला सगळं सांगितलं. जेवायला बसल्यावर त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग त्याने करिष्माला जवळ ओढलं.

"बाळा, तुला शाळेत असं करायचे का? कठड्यावर उभं करायचे?"

"नाही. तिथे नुसतं बेंचवर करायचे."

"मग हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," करिष्मा म्हणाली. "माझं मी शिकले. बेंचवर उभं केलं की पोरं हसतात. कठड्यावर कोणी हसत नाही."

महेशने विनिताकडे पाहिलं. तिने आमटीची वाटी उगाचच पुढे सरकवली.

"आई," करिष्मा म्हणाली.

"काय गं?"

"तू आज न विचारता वर्गातून उठलीस."

गोदूचा हात घासावरच थांबला. महेश काहीतरी बोलणार होता. विनिताला त्या क्षणी आपण आई आहोत हे ठणकावून सांगायचं होतं. पण तिने मान खाली घातली.

"चुकलं," ती म्हणाली.